खोळंबा

'खोळंबा' हा मराठीतला एक मोठा प्रामाणिक शब्द आहे. 'काम चालू आहे' आणि 'काम बंद आहे' या दोन टोकांच्या मध्ये जी एक अवस्था असते, ती या शब्दाने नेमकी पकडली आहे. खोळंबलेला मनुष्य आळशी नसतो. पण तो काम करीत असतो असेही नाही. त्याच्या हातात पिशवी असते, खिशात पैसे असतात, कुठे जायचे तेही ठाऊक असते. फक्त पुढची वाट मोकळी नसते. टिळकवाडीच्या रेल्वे फाटकापाशी ज्यांनी कधी आगगाडी जाण्याची वाट पाहिली आहे, त्यांना याहून अधिक सांगायला नको. फाटक पडते, दोन्ही बाजूंना सायकली, रिक्षा, मोटारी साचत जातात, आणि लांबून पाहणाऱ्या परक्या माणसाला वाटावे, केवढी ही शहराची धावपळ! वास्तविक त्या क्षणी तिथे कोणीच धावत नसते. सगळे उभे असतात.

गर्दीवरून धावपळीचा अंदाज बांधण्याची ही सवय आपल्याला संगणकासमोर बसल्यावरही सुटत नाही. तिची किंमत आमच्या महाविद्यालयात ग्रंथालयाला आणि कला शाखेच्या मुलांना मोजावी लागणार होती. ती हकिकत इथे सांगावीशी वाटते. कारण या अंकाची पाने ज्या खोलीत जुळवली जातात, त्याच खोलीत ती घडली.

मी संख्याशास्त्र शिकवतो. पण ज्याला थोडे येते त्याच्याकडे सगळे येते, असा महाविद्यालयांचा रिवाज आहे. त्या रिवाजाने संगणक कक्षाची देखरेख माझ्याकडे आली. कक्षात चाळीस संगणक आहेत आणि पलीकडच्या लहान खोलीत एक सर्व्हर. सर्वांवर लिनक्स चालते. हेलसिंकीच्या लिनस टॉर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली फुकट मिळते, आणि फुकट मिळणाऱ्या वस्तूला आमच्या खरेदी समितीचा सहसा विरोध नसतो.

आमच्याकडची व्यवस्था अशी की, विद्यार्थ्याच्या फायली तो बसतो त्या संगणकात नसतात. त्या सर्व्हरच्या डिस्कवर असतात. मुलगी आज खिडकीजवळच्या संगणकावर बसली आणि उद्या दाराजवळच्या, तरी आपले नाव आणि परवलीचा शब्द दिला की तिचे सारे बिऱ्हाड तिच्यापुढे हजर. ही किमया 'एनएफएस' या पद्धतीची. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने ती १९८४-८५ च्या सुमारास घडवली. कार्यालयातील विंडोजचे संगणकही याच सर्व्हरवर फायली ठेवतात, पण त्यांच्यासाठी दुभाषा लागतो. त्या दुभाष्याचे नाव 'सांबा'. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल यांनी हे काम सुरू केले, आणि पहिले नाव वापरता येईना म्हणून संगणकातल्या शब्दसूचीत एस, एम, बी ही तीन अक्षरे क्रमाने येणारा शब्द शोधला, तेव्हा हा नाचाचा शब्द हाती लागला. भाषेच्या विद्यार्थ्यांना ही नामकरणविधीची पद्धत आवडावी.

तर या व्यवस्थेला गेल्या वर्षी दुसऱ्या सत्रात ग्रहण लागले. सकाळी सारे ठीक असे. अकरा वाजले की गाडे अडे. नाव देऊन आत शिरायला चार-चार मिनिटे लागत. फाइल उघडायला सांगितली की पडद्यावरचे चक्र फिरत राही. एका कोपऱ्यातून "जरा थांब", दुसऱ्या कोपऱ्यातून "स्वल्प तडीरी" असे दोन्ही भाषांतले उद्गार ऐकू येत. आमचे प्रयोगशाळेचे मामा दारात उभे राहून एवढेच म्हणत, "बसलंय बघा सर ते." यंत्र बंद पडले नव्हते, ते बसले होते. मामांच्या या क्रियापदात पुष्कळ अर्थ होता, तो पुढे कळला.

बाहेरून एका तंत्रज्ञांना बोलावले. त्यांनी सर्व्हरवर एक आज्ञा दिली आणि आकडा दाखवला: ३३. "चार कोअरच्या यंत्रावर लोड तेहतीस! आठपट काम लादलंय तुम्ही याच्यावर." आकडा पाहून सारेच गप्प झाले. आकड्यात एक जरब असते. संख्याशास्त्राच्या माणसाला ती रोज दिसते.

मग पुढचे ओघाने आले. यंत्रावर काम फार झाले, तर काम कोण करतो आहे ते पाहावे. नजर गेली ती कला शाखेच्या मुलांकडे. मराठी आणि कन्नड या दोन्ही विभागांची मुले याच अंकासाठी टंकलेखन करायला अकराच्या सुमारास येऊन बसत. त्यांना संगणक कशाला, चित्रपट पाहत असतील, गाणी उतरवून घेत असतील, असे कोणी तरी म्हणाले आणि ते सर्वांना पटले. दारावर सूचना लागली: प्रात्यक्षिकांच्या वेळेत कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी संगणक कक्षात बसू नये. दुसरीकडे नव्या सर्व्हरचे दरपत्रक मागवले गेले. सोळा कोअर, चौपट मेमरी. आणि किंमत ग्रंथालयाच्या दोन वर्षांच्या खरेदीइतकी. पैसे कुठून आणायचे हा प्रश्न निघाला तेव्हा समितीने ग्रंथालयाकडेच पाहिले. पुस्तके काय, पुढच्या वर्षीही घेता येतील!

मी समितीकडे पंधरा दिवस मागितले. मला यंत्रातले गूढ कळले होते म्हणून नव्हे. माझा आक्षेप माझ्या विषयातला होता: हा आकडा नेमके काय मोजतो ते कोणी विचारले नव्हते.

'अपटाइम' ही आज्ञा दिली की लिनक्स ओळीच्या शेवटी तीन आकडे देते: गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांतील सरासरी भार. ही कल्पना लिनक्सहून जुनी आहे. अमेरिकेत 'टेनेक्स' नावाची एक संगणकप्रणाली होती. तिच्या भाराचे आकडे देणारी एक टिपणी १९७३ मध्येच प्रसिद्ध झालेली आढळते. त्या काळी भार म्हणजे प्रोसेसरवर चालू असलेली कामे अधिक प्रोसेसरसाठी रांगेत उभी असलेली कामे. अर्थ सरळ होता: कोअर ४ आणि आकडा ८, म्हणजे निम्मी कामे रांगेत. लिनक्सनेही आरंभी हाच अर्थ घेतला. पुढे ऑक्टोबर १९९३ मध्ये मथियास उर्लिक्स यांनी एक दुरुस्ती सुचवली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, वेगवान डिस्क काढून मंद डिस्क बसवली तर यंत्र रखडते, पण भाराचा आकडा मात्र खाली येतो. हे विपरीत आहे. तेव्हापासून प्रोसेसर मागणाऱ्यांबरोबर डिस्कच्या उत्तरासाठी खोळंबलेल्यांचीही गणती त्याच आकड्यात होऊ लागली. ही दुरुस्ती का झाली हे बहुतेक जण विसरून गेले होते. ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने २०१७ मध्ये जुना पत्रव्यवहार धुंडाळून ती पुन्हा उजेडात आणली.

म्हणजे लिनक्सचा भार हा कामाचा आकडा नव्हे. तो काम आणि खोळंबा यांच्या बेरजेचा आकडा आहे. आणि बेरजेवरून घटक कळत नाहीत, हे तर शाळेतले गणित. तेहतीस म्हणजे तेहतीस जण राबत आहेत, की दोन राबत आहेत आणि एकतीस फाटकापाशी उभे आहेत?

याचे उत्तर मिळायला पंधरा मिनिटेही लागली नाहीत. 'टॉप' ही आज्ञा प्रोसेसरचा वेळ कुठे गेला ते टक्केवारीने सांगते. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, आकडा ३२ असताना, प्रोसेसर प्रत्यक्ष काम करीत होता शेकडा पाचच्या आत. बाकीच्या वेळापैकी मोठा भाग 'डब्ल्यूए' या अक्षरांखाली होता: म्हणजे प्रोसेसर रिकामा आहे, पण डिस्ककडून काही तरी यायचे आहे. मग कामांची यादी काढली. त्यात प्रत्येक कामापुढे त्याच्या अवस्थेचे एक अक्षर असते. चालू किंवा चालण्यास तयार असेल तर 'आर', निवांत झोपले असेल तर 'एस', आणि डिस्कच्या उत्तराची अशी वाट पाहत असेल की मधेच उठवता येत नाही, तर 'डी'. यादीत 'डी'ची रांग लागली होती, आणि त्या रांगेतले बहुतेक सगळे एकाच नावाचे होते: 'एनएफएसडी'. सर्व्हरच्या खिडकीशी बसून मुलांच्या फायलींच्या मागण्या घेणारे हे कारकून. मोजले तर बत्तीस.

इथे जरा थांबायला हवे. कारण हा बत्तीस आकडा आकाशातून पडला नव्हता. लिनक्समध्ये असे कारकून पूर्वापार आठ ठेवण्याची पद्धत होती. सर्व्हर मंद वाटला तर ते वाढवावेत असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो नेहमीच चुकीचा असतो असेही नाही. आमच्या तंत्रज्ञांनी पहिल्या भेटीत आठाचे बत्तीस केले होते. त्यानंतर दुसऱ्या भेटीत त्यांनी भार पाहिला तो ३३! पहिल्या भेटीच्या वेळच्या नोंदी मी वहीतून काढल्या. तेव्हा भार ९ च्या आसपास होता. मुलांना लागणारा वेळ दोन्ही वेळा तोच: चार मिनिटे. काम वाढले नव्हते, मुले वाढली नव्हती. फक्त खिडकीबाहेर उभे असलेले लोक आत घेऊन त्यांना बाकावर बसवले होते, आणि मग बाक भरले म्हणून आपण घाबरलो होतो.

कँटीनचे उदाहरण घ्यावे. भजी तळणारी कढई एक, आणि ऑर्डर घेणारी मुले आठ. भजी उशिरा येतात म्हणून मालकाने आणखी चोवीस मुले ठेवली. आता ऑर्डर झटपट घेतली जाते; पण कढई एकच असल्यामुळे बत्तीस मुले तिच्याभोवती हात बांधून उभी राहतात. बाहेरून डोकावणारा म्हणतो, काय धंदा आहे हो या कँटीनचा!

रांगांचे शास्त्र माझ्या विषयातलेच. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोनच्या संभाषणांवर संभाव्यतेचे गणित लावून त्याचा पाया घातला. पुढे १९६१ मध्ये जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकांनी एक इतका साधा नियम सिद्ध केला की, वाटावे याला सिद्धता कशाला हवी: रांगेतील सरासरी माणसे म्हणजे दर सेकंदाला येणारी माणसे गुणिले प्रत्येकाला लागणारा सरासरी वेळ. तीनपैकी दोन ठाऊक असले की तिसरे मिळते. कढईभोवतीची माणसे ३२ आहेत हे दिसत होते. कढई सेकंदाला किती घाणे काढते ते पाहायचे राहिले होते.

त्याआधी रस्ता तपासणे आवश्यक होते. कारण खोळंबा कढईपाशी आहे असे दिसले तरी कढईपर्यंतचा रस्ताही खराब असू शकतो. 'पिंग' पाठवून पाहिले: सर्व्हरपर्यंत जाऊन यायला अर्ध्या मिलिसेकंदाहून कमी वेळ. पण एवढ्यावर विसंबू नये. जुन्या १०० मेगाबिटच्या जाळ्यांत एक खोड असते: तारेच्या एका टोकाला सक्तीने 'फुल ड्युप्लेक्स' ठरवून दिले आणि दुसरे टोक आपोआप ठरवण्यावर सोडले, तर दुसरे टोक 'हाफ ड्युप्लेक्स' धरून बसते. एकाला वाटते दोघांनी एकाच वेळी बोलता येते, दुसऱ्याला वाटते एका वेळी एकानेच बोलावे. अशा ठिकाणी पिंगचा लहान निरोप नीट पोचतो, आणि मोठी फाइल मात्र अडखळत जाते. म्हणून 'आयपर्फ' नावाच्या साधनाने, डिस्कला हात न लावता, नुसत्या तारेतून भरभरून माहिती पाठवून पाहिली. एक गिगाबिटच्या जाळ्यातून सेकंदाला सुमारे ९४० मेगाबिट गेले. प्रत्यक्षात याहून जास्त जातच नाही. रस्ता मोकळा होता. तारा बदलण्याचा खर्च तिथेच वाचला.

राहिली डिस्क. सर्व्हरमध्ये फिरत्या तबकडीच्या दोन डिस्क आहेत; एकीवर लिहिलेले दुसरीवरही लिहिले जाते, म्हणजे एक बिघडली तरी फायली राहतात. तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद, आणि सुई त्या वर्तुळावर नेण्यासाठी आणखी आठ-नऊ. एका फुटकळ नोंदीला झाले साडेबारा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण ऐंशी नोंदी. ही तबकडी एकसलग मोठी फाइल सेकंदाला शंभर-दीडशे मेगाबाइट या वेगाने वाचते. पण जागोजागी विखुरलेल्या बारीक नोंदी सेकंदाला ऐंशीच. लिटल यांच्या नियमात घालून पाहा: ३२ भागिले ८०, उत्तर ०.४ सेकंद. 'आयओस्टॅट' ही आज्ञा डिस्कपाशी प्रत्येक मागणी सरासरी किती वेळ थांबते ते सांगते. तिने दाखवले साडेतीनशे ते चारशे मिलिसेकंद. डिस्क शंभर टक्के गुंतलेली, आणि एवढे करून लिहिले किती जात होते? सेकंदाला एक मेगाबाइटही धड नाही.

कागदावरचे उत्तर आणि यंत्रातले उत्तर जुळले, तो क्षण शिक्षकाला सुखाचा असतो. पण प्रश्न अजून उरला होता. चित्रपट पाहिल्याने किंवा उतरवून घेतल्याने अशी चिल्लर नोंद होत नाही. त्या मोठ्या, सलग फायली. मग सेकंदाला ऐंशी बारीक नोंदी करवून घेणारे होते कोण?

सर्व्हरला विचारले: गेल्या पाच मिनिटांत बदललेल्या सर्व फायलींची यादी दे. 'फाइंड' या आज्ञेने ती मिळते. यादी हजारोंची निघाली. त्यात मुलांनी स्वतः लिहिलेल्या फायली, म्हणजे प्रात्यक्षिकांचे प्रोग्रॅम, निबंध, कविता, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्या साऱ्या एका लपलेल्या फोल्डरातल्या, 'कॅश' नावाच्या. ब्राउझर उघडला की तो पाहिलेल्या पानांचे तुकडे, चित्रे, खुणा जपून ठेवतो; पुढच्या वेळी लवकर मिळावे म्हणून. घरच्या संगणकावर हे ठेवणीतले तुकडे त्याच संगणकाच्या डिस्कवर जातात आणि कोणाला काही कळत नाही. आमच्याकडे मुलाचे सारे बिऱ्हाड सर्व्हरवर. तेव्हा ही अडगळही तारेवरून सर्व्हरवर जात होती. चाळीस ब्राउझर एकदम उघडले, प्रत्येकाने तीनशे तुकडे लिहिले असे धरा: बारा हजार फायली. प्रत्येकीला डिस्कवर दोनच नोंदी लागल्या तरी चोवीस हजार. भागिले ऐंशी: तीनशे सेकंद, म्हणजे पाच मिनिटे. मुलांची तक्रार चार मिनिटांची होती. आमची मुले अतिशयोक्ती करीत नव्हती.

आणि अकरा वाजताच का? कारण त्या सत्रापासून प्रात्यक्षिकांचे पाठ ब्राउझरमधून पाहण्याची पद्धत सुरू झाली होती. अकराची घंटा झाली की चाळीस जण एकाच मिनिटात ब्राउझर उघडत. एका शनिवारी कला शाखेची मुले सहलीला गेली होती. त्या दिवशी मी मुद्दाम घड्याळ लावून बसलो. अकरा वाजून सात मिनिटांनी आकडा ३२. मराठी विभागाचे किंवा कन्नड विभागाचे एकही मूल खोलीत नसताना! संख्याशास्त्रात असा निसर्गाने आयता करून दिलेला प्रयोग क्वचित मिळतो.

उपाय दोन होते. पहिला तंत्रज्ञांनी सुचवला, आणि तो फार वेगवान होता: 'सिंक' काढा, 'असिंक' करा. हे दोन शब्द समजून घेण्यासारखे आहेत. एनएफएसच्या आद्य नियमाप्रमाणे सर्व्हरने 'लिहिले' असे उत्तर द्यायचे ते अक्षर डिस्कवर पक्के उतरल्यावरच. रजिस्टर पत्राची पोच यावी तसे. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीत यात थोडी मोकळीक आली: मजकूर आधी स्मरणात घ्यावा आणि शेवटी एकदाच पक्का करावा. पण नवी फाइल निर्माण करणे, पुसणे, नाव बदलणे यांची पोच आजही पक्क्या नोंदीनंतरच द्यायची असते. म्हणून तर बारीक फायलींचा पाऊस जड जातो. 'असिंक' केले की सर्व्हर पत्र हातात येताच पोच देऊन मोकळा होतो. पत्र पेटीत पडले की नाही ते मग पाहू. वेग पुष्कळ वाढतो. पण त्या दोन क्षणांच्या मध्ये वीज गेली, तर मुलाच्या हाती पोच असते आणि डिस्कवर फाइल नसते. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते, आणि यूपीएसच्या बॅटऱ्या तेव्हा थकल्या होत्या. खोटी पोच देऊन मिळवलेला वेग मी नको म्हटले.

दुसरा उपाय एका ओळीचा होता. विद्यार्थी आत शिरताना संगणक जी फाइल वाचतो, तीत एक ओळ घातली: 'एक्सडीजी कॅश होम' म्हणजे अडगळीची जागा यापुढे सर्व्हरवर नव्हे, तू बसला आहेस त्याच संगणकाच्या डिस्कवर. मुलांच्या स्वतःच्या फायली सर्व्हरवरच राहिल्या. अडगळ मात्र जिथली तिथे. चाळीस संगणकांना चाळीस डिस्क होत्याच. त्या आजवर नुसत्या बसून होत्या.

सोमवारी अकरा वाजता भाराचा आकडा दोनच्या वर गेला नाही. आत शिरायला लागणारा वेळ वीस सेकंदांवर आला. कार्यालयातूनही निरोप आला की सांबावरच्या फायली आज झटपट उघडत आहेत. एकाच कढईवर त्यांचीही भजी होती, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. खर्च झाला तो माझ्या आणि मामांच्या चहाचा.

समितीपुढे मी आकडे ठेवले आणि दरपत्रकातली एक ओळ वाचून दाखवली. सोळा कोअर, चौपट मेमरी. पण डिस्क त्याच, मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या. म्हणजे फाटक तेच ठेवून आपण रस्ता चौपदरी करणार होतो. तबकडी नसलेल्या, चिपांच्या डिस्क असत्या तर गोष्ट वेगळी. त्या अशा बारीक नोंदी सेकंदाला हजारोंनी करतात, आणि पुढेमागे आम्हाला त्या घ्याव्या लागतील. पण त्यांची किंमत सर्व्हरच्या किमतीच्या मानाने थोडी, आणि ग्रंथालयाला धक्का लावण्याइतकी तर मुळीच नाही. दरपत्रक परत गेले. पुस्तकांची यादी मंजूर झाली.

दारावरची सूचना मात्र पंधरा दिवस तशीच होती. ती लावायला एक दिवस पुरला, काढायला सही लागत होती. त्या पंधरा दिवसांत कन्नड विभागाच्या मुली जिन्यात बसून, हाताने पाने लिहीत होत्या. आकडा चुकीचा वाचला गेला तर त्याचा दंड आकडा भरत नाही. ज्यांच्याकडे प्रश्न विचारण्याची खुर्ची नसते, ती माणसे भरतात. सर्व्हर मंद झाला तर चार मिनिटे जातात. त्या मुलींचे पंधरा दिवस गेले, आणि शिवाय 'तुमच्यामुळे' हा शब्द पदरात पडला. सूचना निघाली तेव्हा मी त्यांना बोलावून सहलीच्या शनिवारचे आकडे दाखवले. त्यातल्या एकीने विचारले, "सर, हे आधी कोणी का पाहिलं नाही?" प्रश्न रास्त होता.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काही जण पुढे यंत्रे सांभाळतील, काही जण माणसे सांभाळतील. दोन्हीकडे मोठे आकडे तुमच्यापुढे टाकले जातील: इतके अर्ज प्रलंबित, इतके खटले पडून, इतकी मुले अनुत्तीर्ण. आकड्याला घाबरण्याआधी त्याला विचारावे की, बाबा, तू काय मोजतोस? राबणारे मोजतोस की थांबलेले? थांबलेले असतील तर कशासाठी थांबले आहेत? रस्त्यासाठी, खिडकीसाठी, की कढईसाठी? एका वेळी एकच गोष्ट तपासावी, आणि जी तपासली ती वहीत लिहून ठेवावी. आमची वही नसती तर आठाचे बत्तीस झाल्याने भार वाढला हे कधीच उमगले नसते. आणि कोणावर बोट रोखायचे झाले, तर तो माणूस खोलीत नसताना काय होते ते आधी पाहावे.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी धो-धो पाऊस लागला आणि वीज गेली. कक्षात अंधार झाला. मराठी विभागाच्या एका मुलाने आपला लेख नुकताच जतन करून पडद्यावर तसा शेरा पाहिला होता. तो घाबरून माझ्याकडे आला. वीज यायला पाऊण तास लागला. सर्व्हर उठला, मुलाने नाव दिले, फाइल उघडली. शेवटच्या पूर्णविरामापर्यंत सारा लेख जिथल्या तिथे होता. तो याच अंकात पुढे कुठे तरी छापला आहे.